गाडीचं सॉकेट, इन्व्हर्टर, पॉवर स्टेशन की इलेक्ट्रिक गाडी? तंबूतली वीज कुठून आणायची

पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. रात्री आठला नवऱ्याने छोटा कूलबॉक्स गाडीच्या लायटरच्या सॉकेटला लावला. आत दूध, पनीर आणि लेकीची चॉकलेटं. पहाटे पाचला चहासाठी दूध काढलं तर पिशवी कोमट. किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक् टक्. शेवटी शेजारच्या तंबूतली चार मुलं आणि टपरीवाले काका यांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. गाडी मॅन्युअल होती म्हणून निभावलं. ऑटोमॅटिक असती तर धक्क्याचाही उपयोग नव्हता.

घरी आल्यावर कूलबॉक्सखालचं लेबल वाचलं: ४८ वॅट. आठ ते पाच म्हणजे नऊ तास, म्हणजे ४३२ वॅट-तास. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. त्याला १२ व्होल्टने गुणलं की होतात ४२०. दूध गार ठेवायला आम्ही अख्खी बॅटरी पिऊन टाकली होती, आणि दूधही गार राहिलं नव्हतं.

घरच्या वीजबिलाच्या भाषेत (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास) सांगायचं तर छोट्या गाडीच्या बॅटरीत अर्धं युनिटसुद्धा नसतं. मोठ्या डिझेल गाडीत ६५-७० अँपिअर-तासांची बॅटरी असते, तरी ते पाऊण युनिटाच्या थोडंसंच पुढे जातं. शिवाय हे सगळं आपलं नव्हे. ही बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी, म्हणजे दोन-चार सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते. तिला रोज निम्म्याच्या खाली रिकामी केलीत तर ती वर्षभरात मान टाकते. मी एक तृतीयांशच आपलं धरते. छोट्या गाडीत १४० वॅट-तास, मोठ्या गाडीत २६०-२८०. इंजिन बंद असताना एवढाच खर्चाला पैसा.

आता चार वाटा आहेत. गाडीतलं १२ व्होल्टचं सॉकेट थेट वापरायचं, त्यावर इन्व्हर्टर लावून घरची उपकरणं चालवायची, पॉवर स्टेशन नावाचा लिथियम बॅटरीचा डबा घ्यायचा, किंवा इलेक्ट्रिक गाडीतूनच २३० व्होल्ट काढायचे. दुकानदाराला विचारलंत तर तो बजेट विचारेल. मी आधी विचारेन, तुम्हाला काय चालवायचंय? त्या यादीत काही गरम करणारी वस्तू आहे का? किटली, इंडक्शन, इस्त्री, हेअर ड्रायर, टोस्टर यांपैकी एकही असेल तर पहिल्या तीन वाटा जवळपास बाद. यादीत यातलं काहीच नसेल, तर पहिलीच वाट बहुतेक पुरते आणि बाकीचे पैसे वाचतात.

लायटरचं सॉकेट: दिसतं त्यापेक्षा कामाचं

सॉकेटच्या झाकणावर बहुधा '१२ व्होल्ट, १२० वॅट' असं लिहिलेलं असतं. म्हणजे १० अँपिअर. काही गाड्यांत १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १८० वॅटपर्यंत. फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे तक्ता असतो, तो एकदा बघून ठेवा. एका भोकातून तीन भोकं काढणारा जोड मिळतो. त्याने भोकं वाढतात, अँपिअर वाढत नाहीत. तिन्हींची बेरीज त्याच एका फ्यूजमधून जाते.

इथे एक पाप लोक सर्रास करतात. फ्यूज उडाला की जागी २० किंवा ३० चा बसवतात. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरवलेला असतो. मोठा फ्यूज बसवला की उडायची पाळी डॅशबोर्डमागच्या वायरीवर येते. दुसरं, पिन सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर दहा अँपिअरवर ती चांगलीच तापते. वापरून दहा मिनिटांनी बोटाने चाचपून बघा. चटका बसला तर ती पिन बदला.

या सॉकेटवर काय नीट चालतं? गादीत हवा भरायचा पंप, तोही पाच मिनिटं आणि शक्यतो इंजिन चालू ठेवून. टायरचा पंपही तसाच. १२ व्होल्टचा छोटा पंखा, साधारण १० वॅट. एलईडीची पट्टी, आणखी १० वॅट. पंखा आणि पट्टी मिळून २० वॅट, म्हणजे छोट्या गाडीच्या १४० वॅट-तासांत सात तास. रात्र निघाली. मोबाइल तर किरकोळीत जातात.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लागतो असा समज आहे. टाइप-सी चार्जिंगचा लॅपटॉप असेल तर लायटरमध्ये बसणारा ६५ किंवा १०० वॅटचा पीडी, म्हणजे लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारा यूएसबी चार्जर घ्या, काम संपलं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचे चार्जरही आता यूएसबीवर मिळतात, आणि ड्रोनवाल्यांनी आपल्या मॉडेलचा कार चार्जर आधी शोधावा.

फ्रिजची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आमची फजिती तिथेच झाली. बाजारात दोन जाती आहेत आणि दोन्हींना 'कार फ्रिज' म्हणतात. स्वस्तातली पेल्टियर जातीची: आत कॉम्प्रेसर नाही, फक्त पंखा आणि एक चकती. ती न थांबता ४०-६० वॅट ओढते आणि बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंश खाली नेते. मे महिन्यात बंद गाडीत तापमान चाळिशी ओलांडतं, तेव्हा त्यात दूध टिकायचं नाही. महागातली कॉम्प्रेसरची: चालू असताना ती ४५-६० वॅट खाते, पण गार झाली की बंद पडते, पुन्हा लागली की सुरू होते. रात्रीच्या गारव्यात सरासरी १५ वॅटच्या आसपास येते. नऊ तासांचे झाले १३५. छोट्या बॅटरीत जेमतेम बसतं. शिवाय चांगल्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये व्होल्टेज खाली गेलं की आपोआप बंद व्हायची सोय असते, तिला 'हाय'वर ठेवायचं. नुसता बर्फाचा डबा तिसरा पर्याय. एका रात्रीसाठी मी आता तोच नेते. दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवायचं, वितळलं की प्यायचं.

किटली मात्र नको. १२ व्होल्टची किटली मिळते आणि ती विकली जाते याचं मला नवल वाटतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला ८७ वॅट-तास लागतात. ही शाळेतली आकडेमोड आहे, यात कुठल्याही कंपनीला पळवाट नाही. १२० वॅटच्या सॉकेटवर त्याला पाऊण तास लागेल, तोही जराही उष्णता वाया गेली नाही तर. वाया जातेच, म्हणून तास धरा. चौघांच्या चहाला तासभर इंजिन चालू ठेवून धूर काढत बसायचं?

इंजिन चालू ठेवण्याबद्दलही बोलू. 'पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली की बॅटरी भरते' हे खरं नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) आपल्या क्षमतेपेक्षा बराच कमी देतो, आणि अर्धी रिकामी बॅटरी भरायला काही तासांचा प्रवास लागतो. तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जातं ते वेगळं. काचा लावून, एसी लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं हा तर जिवाशी खेळ आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही.

इन्व्हर्टर: मधल्या मधे फसवणारा

इन्व्हर्टर बारा व्होल्टचे २३० करतो. लायटरमध्ये लावायचा १५० वॅटचा छोटा आणि थेट बॅटरीला चिमटे लावायचा हजार वॅटचा मोठा, असे दोन प्रकार.

छोट्याबद्दल माझं मत: घेतलात तरी रागावणार नाही, पण घ्यायचं कारण मला नीट सापडत नाही. लॅपटॉपचं आधी सांगितलं. गाडीतल्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि लॅपटॉपच्या चार्जरने पुन्हा त्याचे २० करायचे, असा हा उलटा-सुलटा कारभार. दोन्ही वेळा दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. जुन्या गोल पिनचा लॅपटॉप असेल, किंवा २३० शिवाय न चालणारी एखादी वस्तू असेल तर ठीक. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे मच्छर मशीन. जेमतेम पाच वॅट. तिच्यासाठी इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवायचा म्हणजे त्याचा स्वतःचा पंखा आणि दिवाच तिच्यापेक्षा जास्त खाणार. ओडोमास लावून झोपतो.

घ्यायचाच असेल तर 'प्युअर साइन वेव्ह', म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा घ्या. स्वस्त मॉडिफाइड साइनवर मोटार गुणगुणते, तापते, आणि काही चार्जर चालतच नाहीत.

मोठा इन्व्हर्टर मात्र स्पष्ट नको. हजार वॅट काढायचे तर १२ व्होल्टवर साधारण ९५ अँपिअर ओढावे लागतात. एवढा करंट ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून काढला की काही मिनिटांत व्होल्टेज बसतं आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. इंजिन चालू ठेवलं तरी छोट्या गाडीचा अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या निम्म्याला पुरत नाही. वर त्याला हाताच्या करंगळीएवढ्या जाड केबली लागतात. बरोबर येणाऱ्या केबली बहुधा तशा नसतात. मिक्सर ५०० वॅटचा म्हणून ६०० चा इन्व्हर्टर घेणारे भेटतात. मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट मागते, तिथेच तो ट्रिप होतो. चटणी घरून वाटून न्या.

कुणी ॲक्सेसरीवाला 'वायर कापून मस्त जोडून देतो' म्हणाला तर नको म्हणा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्या टर्मिनलवर परस्पर काही जोडलं की गाडीचा हिशेब चुकतो आणि बॅटरी नीट भरत नाही. वॉरंटीवर वाद होतो तो निराळा. महागड्या काही गाड्यांत मागच्या सीटजवळ कंपनीचंच २३० व्होल्टचं सॉकेट असतं. ते बहुधा १०० ते १५० वॅटचंच असतं, त्यामुळे ते दिसलं म्हणून इंडक्शनचं स्वप्न बघू नका.

पॉवर स्टेशन: गाडी वाचवणारा डबा

याचा खरा फायदा वॅटचा नाही, वेगळेपणाचा आहे. रात्री तो पूर्ण रिकामा झाला तरी सकाळी गाडी सुरू होणार. माझ्या मते एवढ्या कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे, पण ज्यांना वर्षातून चार-पाच वेळा तरी बाहेर राहायचंय त्यांनीच. किंमत एका चांगल्या मोबाइलएवढी. वर्षातून एकदा पवनेच्या काठी तंबू भाड्याने घेणाऱ्यांना त्याची गरज नाही. तिथे बहुतेक कॅम्पवाले चार्जिंगचा पॉइंट देतातच.

५०० वॅट-तासांचा, म्हणजे अर्ध्या युनिटाचा डबा मधला मार्ग आहे. कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून एक रात्र आरामात, काटकसरीने दोन. गाडीच्या सॉकेटवरून तो साधारण १०० वॅटने भरतो, म्हणजे रिकामा ते पूर्ण सहा तास. पुणे ते भंडारदरा चार-साडेचार तासांत तो पाऊणच्या आसपास भरतो, म्हणून घरून भरूनच न्यायचा आणि वाटेत फक्त फ्रिजचा खर्च भरून काढायचा. बंद गाडीत रात्री तो लायटरला लावून ठेवला तर तो बॅटरी रिकामी करून स्वतः भरेल, म्हणजे आमच्या कूलबॉक्सचीच पुनरावृत्ती.

बॅटरी 'एलएफपी' (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची घ्या. वजनाला जड, पण जास्त वेळा भरता-रिकामी करता येते आणि उष्णता जास्त सोसते. तरी मेच्या दुपारी बंद गाडीत ठेवायची नाही, तंबूच्या सावलीत ठेवा.

माझ्या घरात हा डबा आला तो सासऱ्यांमुळे. त्यांना झोपेत सीपॅप, म्हणजे श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन लागतं, म्हणून ते चार वर्षं कुठे मुक्कामाला यायचे नाहीत. त्यांचं मशीन ह्युमिडिफायर बंद ठेवला की ३० वॅटच्या आसपास घेतं, आठ तासांचे २४०. ह्युमिडिफायर चालू केला की खर्च दुपटीच्या पुढे जातो, कारण तो पाणी गरम करतो. पुन्हा तेच, गरम करणारी वस्तू. मशीनच्या कंपनीचाच डीसी अडॅप्टर घेतला, २३० च्या पिनेऐवजी डब्याच्या डीसी भोकातून चालवलं, आणि आधी घरी दोन रात्री चाचणी घेतली. आता बाबा सगळ्यांत आधी बॅग भरून तयार असतात.

इलेक्ट्रिक गाडी: इथे सगळं गणितच बदलतं

इथे मात्र किटलीची चेष्टा करता येत नाही. व्ही-टू-एल, म्हणजे गाडीच्या मोठ्या बॅटरीतून थेट २३० व्होल्ट बाहेर काढायची सोय. भारतात २०२३ च्या जानेवारीत आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये ती ३.६ किलोवॅटपर्यंत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या रूपातल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ३.३ केव्हीएची आली, आणि मग २०२५ मध्ये क्रेटा इलेक्ट्रिक आणि एमजी विंडसर प्रोमध्येही. सगळ्या व्हेरियंटमध्ये ती असतेच असं नाही, आणि चार्जिंगच्या तोंडात बसवायचा अडॅप्टर बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो. शोरूममध्ये 'व्ही-टू-एल आहे ना?' एवढंच विचारू नका. 'माझ्या व्हेरियंटमध्ये आहे का आणि अडॅप्टर डब्यात येतो का?' असं विचारा.

३.३ केव्हीए म्हणजे ढोबळमानाने ३३०० वॅट: २००० वॅटचं इंडक्शन, पंखा, दिवे एकाच वेळी. इंडक्शन आणि १५०० वॅटची किटली दोन्ही एकदम नाही. लिटरभर पाणी चार-पाच मिनिटांत उकळतं.

खर्च किती? मैत्रिणीच्या ४० युनिटांच्या गाडीवर आम्ही एक दिवस चौघांचा सगळा स्वयंपाक केला: चहा दोनदा, पोहे, खिचडी, रात्री पिठलं-भात. अंदाजाने दीड युनिट गेलं. रस्त्यावर ही गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे दिवसभराचं खाणं दहा किलोमीटरला पडलं. पण ते दहा किलोमीटर तुमच्याकडे असायला हवेत. तंबू लावाल तिथून सर्वांत जवळचा फास्ट चार्जर किती लांब, मध्ये घाट चढायचा की उतरायचा, हे आधी बघा आणि त्यावरून किती टक्क्यांवर थांबायचं ते ठरवा. बऱ्याच गाड्यांत ती मर्यादा स्क्रीनवर लावता येते.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, इलेक्ट्रिक गाडीतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि लायटरचं सॉकेट तिच्यावर चालतं. गाडी पूर्ण बंद करून त्या सॉकेटला फ्रिज लावलात तर मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही सकाळी गाडी जागी न होण्याची भीती असते. फ्रिज व्ही-टू-एलवरच लावा. दुसरी, हे घरच्यासारखे २३० व्होल्ट आहेत, भोवती ओलं गवत आहे आणि पोरं पळतायत. आयएसआयचा १६ अँपिअरचा एक्स्टेंशन बोर्ड, तोही स्टुलावर किंवा क्रेटवर, पाऊस आला की पहिली पिन काढायची. काजव्यांच्या दिवसांत पाऊस सांगून येत नाही.

फक्त कॅम्पिंगसाठी इलेक्ट्रिक गाडी घेणारा कुणी असेल असं वाटत नाही. पण गाडी घेणारच असाल आणि दोन व्हेरियंटमध्ये अडला असाल, तर सनरूफच्या आधी मी व्ही-टू-एलला पैसे देईन.

आणि पेट्रोल-डिझेलवाल्यांनी चहा कसा करायचा?

गॅसवर. २३० ग्रॅमच्या छोट्या कॅनमध्ये जवळपास २.९ युनिटांची उष्णता असते. उघड्यावर निम्म्याहून जास्त वाऱ्यावर गेली तरी भांड्यात युनिटभर पोहोचते. ५०० वॅट-तासांच्या डब्यातून इंडक्शनवर त्याच्या निम्मीही पोहोचत नाही, आणि तो डबा त्या कॅनच्या कितीतरी पट जड आणि महाग. शेगडी तंबूत किंवा गाडीत पेटवायची नाही, आडोशाला तीन बाजूंनी दगड लावायचे. मे अखेरीस रानात सगळं वाळलेलं असतं, म्हणून शेजारी पाण्याची बादली.

मला कुणी विचारलं तर उत्तर माणसागणिक बदलतं. वर्षातून एक-दोन रात्री: सॉकेट, यूएसबी, बर्फाचा डबा, गॅस, आणि दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर, जो लायटरमध्ये बसतो. घरात वैद्यकीय मशीन असेल किंवा महिन्याला एक मुक्काम असेल तर पॉवर स्टेशन. गाडी नवी घेताय आणि शहरातली रोजची धाव इलेक्ट्रिकला जमते, तर व्ही-टू-एल. इन्व्हर्टर माझ्या कुठल्याच यादीत नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी तो लॅपटॉपपुरता वापरावा.

काहीही ठरवलंत तरी निघायच्या आधी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये एक रात्र रंगीत तालीम करा. किल्ली काढल्यावर सॉकेट चालू राहतं की बंद होतं ते बघा, गाडीगणिक ते वेगळं असतं. मग जे जे नेणार ते सगळं लावून झोपा. सकाळी सगळं काढून, अर्ध्या तासाने व्होल्टेज मोजा. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या वर असाल तर तेवढंच सामान घेऊन निघा. खाली असाल तर एक वस्तू कमी करा आणि पुन्हा एक रात्र लावा. गाडी सुरू झालीच नाही तर निदान वॉचमन काका धक्का मारायला आहेत.